दोनशे बारा रंग आणि एक दोरा

मुलुंड पूर्वेचे समस्त नागरिक, त्यांचे शिंपी आणि ज्यांच्या कपाटात साडी आहे पण तिचा ब्लाउज नाही असे सर्व दुःखी जीव यांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, बारा बाय आठ फुटांच्या आमच्या मॅचिंग सेंटरने इंटरनेटवर जाण्याचा ठराव केला आहे. ठराव आमच्या स्वयंपाकघरात, पोहे खाताना, दोन विरुद्ध एक अशा मतांनी मंजूर झाला. विरोधी मत दुकानाच्या मालकिणीचं होतं.

मालकीण म्हणजे माझी आई. वय चौऱ्याहत्तर. ठरावाच्या बाजूने मी आणि माझी बायको. बायको बँकेत अधिकारी आहे, त्यामुळे घरात तिचं मत दीड धरतात. मी औषधांच्या कंपनीतली नोकरी सोडून पाच वर्षांपूर्वी दुकानात बसलो. आईच्या मते मी अजून शिकतो आहे आणि फारसं येत नाहीये.

ठराव का करावा लागला, तर आमची इमारत पाडायची होती. आमच्या उपनगरात हल्ली प्रत्येक इमारत एकतर पाडलेली असते, नाहीतर पाडायची असते. नवी उभी राहीपर्यंत तीन वर्षांसाठी बिल्डरने आम्हाला एक गाळा दिला होता. मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर, पंचवीस पायऱ्या चढून. एका बाजूला झेरॉक्सवाला, दुसऱ्या बाजूला दातांचा डॉक्टर, आणि वर ट्यूबलाइट. दिवसाचा उजेड नावाला नाही.

हा शेवटचा मुद्दा इतर कुठल्या धंद्यात कुणी मनावरही घेतला नसता. मॅचिंगच्या धंद्यात मात्र तो मरणाचा आहे. बाई साडी घेऊन येते. तिला त्याच रंगाचा ब्लाउजपीस हवा असतो. दुकानदार तीनचार ठाण काढतो, साडीवर पसरतो, आणि मग तो, ती आणि साडी असे तिघे उठून दुकानाबाहेर पायरीवर जातात. कारण ट्यूबखाली रामा आणि मोरपंखी सख्ख्या बहिणी दिसतात आणि उन्हात एकमेकींना ओळखसुद्धा दाखवत नाहीत. सगळा निकाल पायरीवर लागतो. आमच्या दुकानाची पायरी पूर्वेकडे तोंड करून होती आणि आईने तिच्यावर एकेचाळीस वर्षं न्यायदान केलं होतं.

आता पायरी जाणार होती. गुडघे दुखणाऱ्या बायका पंचवीस पायऱ्या चढणार नव्हत्या. आईला ते कळत होतं, पण ती ते बोलत नव्हती. एवढंच एकदा म्हणाली, "तीन वर्षांनी नवीन दुकान मिळेल रे, पण तोवर बायका दुसरीकडे जायची सवय लावून घेतील. मग मी काय, ठाणांना गोष्टी सांगत बसू?" असं म्हणून तिने पोह्यातलं खोबरं बाजूला काढलं. तिला खोबरं आवडतं. त्यावरून बायकोने आणि मी काय ते ओळखलं.

तर ऑनलाइन दुकान. मला वाटलं होतं, एक बटण असेल. प्रत्यक्षात एक अख्खा बाजार निघाला, ज्यात दुकानं विकत मिळतात.

पहिलं सॉफ्टवेअर दिसायला राजवाडा होतं. चौदा दिवस फुकट. मी मोबाइलवर आमचं दुकान उघडून पाहिलं तर मागे समुद्र, पुढे एक उंच मुलगी आणि तिच्या हातात आमचा पोपटी पॉपलिन. मी खूश. बायकोने चष्मा लावून भाडं वाचलं. भाडं डॉलरमध्ये होतं. शिवाय मराठी अक्षरं हवीत तर वेगळे पैसे, पिनकोडप्रमाणे कुरिअरचा खर्च धरायचा तर वेगळे, गिऱ्हाइकाला एक साधा प्रश्न विचारायचा तर तेही वेगळे.

"म्हणजे घर भाड्याने देतात," आई म्हणाली, "आणि दारं-खिडक्या महिन्याच्या महिन्याला."

"आई, एका वाक्यात बरोबर सांगितलंत," बायको म्हणाली आणि राजवाडा बंद केला.

दुसरं अगदी उलट होतं. फुकट. महिना नाही, वर्ष नाही, काही नाही. फक्त प्रत्येक विक्रीत त्यांचा वाटा. मला ते न्याय्य वाटलं. संध्याकाळी मी बायकोच्या फोनवर आमचं दुकान उघडायला सांगितलं. उघडलं. आमचा अबोली ब्लाउजपीस, त्याच्याखाली ठळक अक्षरांत "यासारखे आणखी", आणि त्याखाली सुरतेचे, भिवंडीचे आणि देव जाणे कुठले कुठले चोवीस अबोली ब्लाउजपीस, सगळे आमच्यापेक्षा स्वस्त.

आईने फोन हातात घेतला, बोटाने वर-खाली केला आणि शांतपणे विचारलं, "हे सगळे आपल्या पायरीवर बसलेत का?"

"तसंच काहीतरी."

"मग हाकल."

तिसरं सॉफ्टवेअर देशी होतं, दिसायला ओशाळवाणं. भाडं वर्षाला एकदाच आणि रुपयांत. पानावर फक्त आमचाच माल. पैसे थेट आमच्या खात्यात. मराठी चालत होतं आणि मदतीला फोन केला की एक मुलगी चक्क मराठीत बोलायची. तिचा आवाज मी पुढे इतक्या वेळा ऐकला की रस्त्यात ओळखेन. एकच अडचण. सगळ्यात स्वस्त योजनेत दहाच वस्तू ठेवता येत. अमर्याद वस्तूंची योजना चौपट महाग होती.

"तुमच्याकडे किती प्रॉडक्ट्स आहेत, सर?"

"ब्लाउजपीस."

"हो, पण किती?"

"एकच हो. ब्लाउजपीस. रंग दोनशे बारा."

पलीकडे कळफलक बडवल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "सर, प्रत्येक रंग वेगळा धरतात."

चौपट योजनेची पण महिनाभर फुकट चाचणी होती, ती आम्ही घेतली. आणि इथे ज्या प्रकरणाचा आमच्या घरात अजूनही "ते फोटोंचं" असा उल्लेख होतो, ते सुरू झालं. दोनशे बारा रंगांचे फोटो मी दुकानात, ट्यूबखाली, दोन दिवसांत काढले आणि अभिमानाने आईपुढे ठेवले. आईने अकरा हिरवे एकापाठोपाठ एक पाहिले.

"हा एकच फोटो अकरा वेळा का काढलास?"

मग पायरीवर. सकाळी साडेदहा ते बारा, कारण त्याआधी समोरच्या सोसायटीची सावली आणि नंतर ऊन पांढरं पडतं. आठ दिवस मी रस्त्यावर उकिडवा बसून ठाणांचे फोटो काढत होतो. जाणाऱ्या-येणाऱ्यांना वाटलं, दुकान विकायला काढलंय. दोघांनी भाव विचारला.

फोटो झाले, मग नावं. सॉफ्टवेअरकडे रंगांची तयार यादी होती: निळा, फिकट निळा, गडद निळा. आमच्या फडताळात चिंतामणी, आनंदी, आमसुली, श्रीखंडी, मोतिया, गुलबक्षी, डाळिंबी, आणि शिवाय आईचे पोटप्रकार. "धुतलेला आनंदी." "दुपारचा गुलबक्षी." एका करड्याला ती "सासरचा" म्हणते, का ते मी आजवर विचारलेलं नाही, कारण बायको शेजारी असते. मी ही सगळी नावं हाताने भरली. सॉफ्टवेअरने श्रीखंडीखाली लाल रेघ ओढून मला विचारलं की तुम्हाला खाद्यपदार्थ या विभागात जायचं आहे का.

अखेर दोनशे बारा रंग चढले. दुकान उघडलं. मी पेढे आणले. आईने पेढा खाल्ला आणि परीक्षा जाहीर केली.

"उद्या मी गिऱ्हाईक. मी घरी बसून मागवणार. तू जे मागवीन तेच कापायचं, स्वतःची अक्कल वापरायची नाही."

नाटकाची हौस असलेल्या माझ्यासारख्या माणसाला हे आमंत्रणच होतं. दुसऱ्या दिवशी तिने घरी पलंगावर तिची इरकल पसरली, एका हातात फोन, दुसऱ्या हातात चष्मा, आणि एक तास खपून ऑर्डर दिली. दुकानात माझा फोन वाजला. गिऱ्हाइकाचं नाव तिने भलतंच टाकलं होतं, आडनाव तर जन्मात न ऐकलेलं. रंग: आमसुली. लांबी: ऐंशी सेंटिमीटर. मी शपथेवर ऐंशी कापलं, खाकी पाकिटात घातलं, डोक्यावर टोपी चढवली आणि दुपारी स्वतःच्या घराची बेल वाजवली.

"कुरिअर!"

आईने साखळी न काढता फटीतून पाहिलं. "सही कुठे करायची?"

"सही नको मॅडम, ओटीपी सांगा."

तिने तो खरोखर शोधून वाचून दाखवला. मग पाकीट घेऊन दार लावून घेतलं. मी बाहेर, टोपी घालून. दोन मिनिटांनी दार उघडलं. आई इरकल आणि तो तुकडा घेऊन परत बाल्कनीत जाऊन उभी राहिली, आणि उन्हात दोघांचं भांडण मला दारातूनही दिसत होतं. साडी जांभळाकडे झुकलेली. तुकडा चॉकलेटीकडे.

"फोनमध्ये बरोबर दिसत होतं गं," मी म्हणालो.

"फोन स्वतःच उजेड मारतो. त्यात सगळे रंग देखणे दिसतात." ती तुकडा चुरगाळत होती. "आता हे मी परत पाठवणार. आणि कापलेलं कापड परत आलं तर त्याचं काय होतं?"

दुकानात एकेचाळीस वर्षं एक पाटी होती: कापलेलं कापड परत घेतलं जाणार नाही. सॉफ्टवेअर मात्र सांगत होतं, परत घेण्याची मुदत लिहिल्याशिवाय गिऱ्हाईक विश्वास ठेवत नाही. दहातले चार ब्लाउजपीस परत आले तर आमचं दुकान म्हणजे पायपुसण्यांचा कारखाना. मी टोपी काढली. नाटक संपलं होतं. आई बाल्कनीतल्या खुर्चीवर बसली. हरल्यासारखी दिसली नाही. फक्त तिने त्या तुकड्याची व्यवस्थित घडी घातली, जी ती कुठल्याही वाया गेलेल्या कापडाची कधी घालत नाही.

बायको बँकेतून आली तेव्हा आम्ही दोघंही बोलत नव्हतो, म्हणजे काहीतरी मोठं झालंय हे तिला बूट काढायच्या आधीच कळलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि बँकेत कर्ज मागणाऱ्याला विचारतात त्या सुरात विचारलं, "आई, एखादीला साडी आणायला जमत नाही, तेव्हा ती काय करते?"

"कोण?"

"कुणीही. साडी फॉल-बीडिंगला दिलीय. किंवा बहिणीकडे राहिलीय."

"मग दोरा आणते," आई म्हणाली. "पदराचा. शिवणवाल्या बायका तर नेहमी दोराच घेऊन येतात, कागदाला टाचून. मी लावून देते."

"चुकतो कधी?"

आईने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेचा अनुवाद करण्याची गरज नाही.

"मग दोराच मागवू ना," बायको म्हणाली. "पाकिटातून. इथली बाई असो नाहीतर पुण्याला राहायला गेलेली. ऑर्डर ऑनलाइन द्यायची, दोरा टपालाने पाठवायचा, तुम्ही उजेडात लावायचा, आम्ही कापड पाठवायचं. रंगाचा फोटो हवाय कशाला?"

मी म्हणालो, "आणि माझे आठ दिवस? पायरीवरचे?"

"झकास व्यायाम झाला तुझा."

मी तिसऱ्या सॉफ्टवेअरच्या मुलीला फोन लावला. आम्हाला चौपट योजना नको, सगळ्यात स्वस्त द्या.

"पण सर, त्यात दहाच प्रॉडक्ट्स."

"आम्हाला एकच हवंय."

"एकच?"

"मॅचिंग ब्लाउजपीस, आईंनी लावून दिलेला."

"आणि दोनशे बारा?"

"काढून टाका."

ती हळहळली, असं मला वाटलं. "सर, मग उरलेल्या नऊ जागांचं काय करणार?"

"तुमच्याकडेच राहू द्या."

अशा रीतीने, समुद्रकिनाऱ्याचे राजवाडे आणि फुकटच्या गर्दीचे बाजार पाहून आम्ही अखेर त्या बाजारातलं सगळ्यात लहान, सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात रिकामं दुकान घेतलं. त्यात एक वस्तू, एक पत्ता आणि चार प्रश्न. प्रश्न लिहायची सोय त्या स्वस्त योजनेतही फुकट होती, आणि खरं सांगायचं तर त्याच एका सोयीवर निवड पक्की झाली. प्रश्न आईने सांगितले. साडी सुती की रेशमी. नेसणार दिवसा की रात्री, कारण हॉलच्या दिव्यांत रंग वेगळा चालतो. ब्लाउज काठाच्या रंगाचा हवा की साडीच्या अंगाच्या. आणि लांबी किती.

लांबीवरून एक सांगायला हवं. साधारण ब्लाउजला ऐंशी सेंटिमीटर लागतं. अंगाने भरलेल्या बाईला एक मीटर. आमच्या दुकानातला सगळ्यात जुना आणि सगळ्यात कडक नियम असा की, वर्षानुवर्षं ऐंशी नेणारी बाई एक दिवस हळूच "मीटरच द्या हो" म्हणाली, की मान वर करायची नाही. टेप लावायचा, कापायचं, हवापाण्याचं बोलायचं. दुकानात बसलो त्या पहिल्या आठवड्यात मी एकीला गमतीने "वजन वाढवलंत का?" विचारलं होतं. आईने मला तीन दिवस गल्ल्याला पाठ करून बसवलं. "गिऱ्हाइकाच्या अंगाबद्दल अक्षर काढायचं नाही. बाई परत येत नाही." एकेचाळीस वर्षांत तिने स्वतः हा नियम कधी मोडला नव्हता.

दुकान हललं. जुन्या शटरवर मी नव्या गाळ्याचा पत्ता आणि ऑनलाइन दुकानाचा चौकोनी कोड असलेला कागद चिकटवला. बायकोने आमच्या फोनमध्ये असलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मेसेज पाठवला. आईने गाळ्यात पहिल्याच दिवशी दोन फेऱ्या मारल्या आणि जिन्याच्या मधल्या टप्प्यावर जाळीची एक खिडकी शोधून काढली, जिच्यातून अकरा ते साडेबारा बऱ्यापैकी ऊन यायचं. तिथे तिने प्लास्टिकची खुर्ची ठेवली. दातांकडे जाणारे पेशंट तिच्या पायांवरून पाय उचलून जात. दोघांना ती कम्पाउंडर वाटली. एकाला तिने धीरही दिला.

दोन आठवडे काही नाही. पंचवीस पायऱ्या चढून रोज तीनचार बायका येत, पूर्वीच्या दशांशही नाही. ऑनलाइन तर शून्य. आई म्हणायची, मला काय त्याचं. पण टपालवाल्याचा आवाज आला की तिचा टेप वाजायचा, कारण तो तिच्या गळ्यात असतो आणि ती पटकन वळली की खुर्चीवर आपटतो.

मग एका बुधवारी माझ्या फोनवर पहिली ऑर्डर वाजली. नाव ओळखीचं नव्हतं, पत्ता नाशिकचा. चार दिवसांनी पाकीट आलं. आत एका कागदावर चिकटपट्टीने लावलेला श्रीखंडी रंगाचा दोरा आणि पदराच्या गोंड्याचा छोटा तुकडा, त्यात तांबूस काचेचा एक मणी, आणि घडी घातलेली ऑर्डरची चिठ्ठी. मी गंभीरपणे दोन्ही हातांनी ते पाकीट जिन्यात नेलं आणि आईच्या हातात दिलं. ती खिडकीकडे वळली.

इकडे मी माझं कर्तव्य केलं. गिऱ्हाइकाशी संबंध जपा असं ती मदतवाली मुलगी नेहमी सांगायची, म्हणून मी नाशिकच्या बाईंना फोन लावला. गाळ्यात फोनवर नीट ऐकू येत नाही म्हणून स्पीकर चालू केला. त्या म्हणाल्या, "मी तुमच्या जुन्या दुकानात यायचे हो. भांडुपला होते तेव्हा. काकू कशा आहेत?" मी म्हणालो, "थांबा, इथेच आहेत, तुमचाच दोरा बघतायत," आणि फोन हातात धरून जिन्याच्या दोन पायऱ्या उतरलो.

आईची माझ्याकडे पाठ होती. ती माणसांची नावं विसरते, चेहरे विसरते, माझा वाढदिवस विसरते. पण ते तांबूस मण्यांचे गोंडे तिने दुकानात विकायला एकदाच आणले होते आणि ते तीनच साड्यांना लागले होते, आणि त्या तिन्ही साड्या तिला आठवत होत्या. तिने मणी उन्हात धरला. मान हलवली. "ही ना!" ती स्वतःशीच म्हणाली. "लग्नातली श्रीखंडी. हिचा ब्लाउज मीच दिला होता. ही नाशिकला गेली होय!" तिचा आवाज मी इमारत पाडायचं ठरल्यापासून ऐकला नव्हता इतका मोकळा होता. बाई इतक्या लांबून दोरा पाठवून परत आली होती, आणि आईला तेवढंच हवं होतं.

मी "आई, फोन चालू आहे" असं म्हणणार होतो. तोंड उघडलंही होतं. त्या बाईंनी पुढच्या दोन महिन्यांत आणखी चार दोरे पाठवले आणि त्यांच्या जावेने सहा, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याला उगाच घोर नको. पण त्या क्षणी आईने पाकिटातली ऑर्डरची चिठ्ठी उलगडली, चष्मा कपाळावरून खाली ओढला, लांबीच्या रकान्यावर बोट टेकवलं, आणि एकेचाळीस वर्षांचा नियम जिन्यात, दातांच्या तीन पेशंटांदेखत, नाशिकपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात मोडला:

"अगं बाई! ऐंशीत बसणारी पोर मीटरभर झाली की रे!"